गुंजभर कस्तुरी

दादाच्या मेंदूसाठी गुंजभर खरी कस्तुरी आणायची, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो. बावन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, जिथे झाडंसुद्धा चढायची थांबतात तिथवर! शहाण्या माणसाने असलं काही करू नये. पण आमच्या घरातला शहाणा म्हणजे दादा, आणि तो दुकानामागच्या खोलीत उजवा हात उशीवर ठेवून पडला होता.

आमचं जडीबुटीचं दुकान तीन पिढ्यांचं. दादा दुकानाचं नाक आणि मी हात. म्हणजे माल हुंगून पारखायचा तो आणि खलात कुटायचा मी. एका सकाळी पुडी बांधता बांधता त्याच्या बोटांतून दोरा सुटला, तोंड वाकडं झालं आणि तो गल्ल्याला धरून खाली बसला. अर्धांगाचा झटका! नऊ दिवसांनी हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेली होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, हातापायांचे आणि जिभेचे व्यायाम लिहून दिले आणि सांगितलं, "वेळ लागेल. कंटाळू नका." जिना चढवेना म्हणून त्याची खाट आम्ही खाली आणली.

पण आमच्या वडिलांच्या वहीत, मेंदू राखणाऱ्या औषधांच्या पानावर, पहिलीच ओळ होती: कस्तुरी, एक गुंज, खरी. 'खरी' या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, बरणीत पाच गाठी आहेत की. मग वाट कसली बघताय?"

"त्या जुन्या झाल्यात," मी म्हणालो. "वास उडालाय."

खोटं बोललो. त्या गाठी जुन्या नव्हत्या, त्या कधी कस्तुरी नव्हत्याच. वाळलेलं रक्त, कुटलेलं काळीज आणि वर चोळलेला कसलासा अर्क, सगळं कातड्याच्या पिशवीत शिवलेलं. शेवटची खरी गाठ वडिलांच्या आजारपणात संपली. त्यानंतर अकरा वर्षं दादाच्या पाठीमागे मी हाच माल विकला. "सारखं उघडलं की वास मरतो," असं सांगून किल्ली माझ्याकडे ठेवली होती. आता दादाची खाट नेमकी त्या काचेच्या कपाटासमोर आली, आणि तो दिवसभर बरणीकडे बघत पडू लागला. चोराच्या मनात चांदणं! मला त्या खोलीत बसवेना. डोंगराची वाट मी धरली ती अर्धी दादासाठी, आणि खरं सांगायचं तर अर्धी त्या नजरेतून सुटण्यासाठी.

बरोबर पुतणी होती. दादाची मुलगी, हॉस्पिटलात नर्स आहे. कस्तुरीवर तिचा काडीचा विश्वास नाही. "काका, बाबांना तुमची गरज इथे आहे," असं तिने तीनदा सांगून पाहिलं. मग दहा दिवसांची रजा टाकली, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या पिशवीत भरल्या आणि म्हणाली, "तुम्ही एकटे जाऊन पडलात तर घरात दोन खाटा लागतील. पण एक सांगून ठेवते, हरीण मारायचं नाही. नुसतं धरलं तरी कायद्याने गुन्हा आहे. तेवढ्यापुरती मी डोळ्यांवर कातडं ओढते."

तिसरा आमचा वाटाड्या. त्याला सगळे साडेआठ म्हणत, कारण त्याच्या हातांना बोटं तेवढीच होती. तरुणपणी तो डोंगरात फास लावायचा. त्यातल्याच एका तारेने त्याचं दीड बोट नेलं. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता. पण मारल्यावाचून कस्तुरी मिळते, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

"जाळ्यात जिवंत नर धरायचा," तो म्हणाला. "त्याच्या बेंबीपाशी गाठ असते, गाठीला बारीक तोंड असतं. चमचा घालायचा, दोन कण काढायचे, सोडून द्यायचं. जमतं. मात्र जनावर निवांत पाहिजे. भेदरलेलं असलं तर हातातच जीव सोडतं."

चमचा माझ्याकडे होता. वडिलांचा, शिंगाचा, कानकोरण्याहून जरासा मोठा. त्याच्या दांड्याला मी एक दोरा गुंडाळला होता, लसणाच्या पाकळीतून ओवून काढलेला. आमच्या धंद्यातली ही जुनी पारख आहे: लसणाचा दोरा कस्तुरीला लावायचा, लसणाचा वास मेला तर कस्तुरी खरी.

पहिल्याच दिवशी नदीने नाकी नऊ आणले. पूल नव्हता. एक लोखंडी दोर, त्याला टांगलेली फळ्यांची पेटी आणि खाली फेसाळणारं पाणी! मी पेटीत बसलो, साडेआठ पलीकडून ओढू लागला, आणि बरोबर मधोमध कप्पी अडकली. पेटी एका बाजूला कलली. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते कसं, हे मला तेव्हा कळलं. खाली एवढं पाणी असून माझ्या तोंडात थुंकी उरली नव्हती. "दोर धरा आणि हातांनी ओढत या!" साडेआठ ओरडला. मी आलो. कसा आलो ते विचारू नका. पलीकडे उतरल्यावर तळहात सोलून निघाले होते आणि पुतणी पट्ट्या घेऊन बसली होती.

दुसरा दिवस सगळा घसरत्या दगडांवर गेला. दोन पावलं वर टाकावीत, एक खाली यावं. दुपारनंतर डोकं ठणकायला लागलं, जेवण नकोसं झालं, आणि दर शंभर पावलांनी मी एखादा दगड बसायला निवडू लागलो. नंतर नंतर निवडायचंही सोडलं. संध्याकाळी एकदाची मेंढपाळांनी सोडलेली दगडी झोपडी आली. छप्पर अर्धं होतं. मला तेवढं पुरे होतं. बूट न काढता मी आडवा झालो आणि मला दादाचा हेवा वाटला, खाटेवर पडलेल्या दादाचा! इतका मी दमलो होतो. मग त्या विचाराची लाज वाटून उठून बसलो.

कस्तुरीमृग एकटा राहतो, पण त्याची एक सवय असते. लेंड्या टाकायला तो रोज त्याच जागी येतो. अशी एक जागा साडेआठला ठाऊक होती, पांढऱ्या सालीच्या बुटक्या झाडांच्या गर्दीत. तिथे आम्ही जाळं लावलं आणि उजाडण्याआधी वाऱ्याच्या उलट बाजूला दबा धरून बसलो.

आणि तो आला! शेळीच्या करडाहून थोडा मोठा, मागचे पाय लांब, त्यामुळे सतत उतारावर उभा असल्यासारखा दिसणारा. शिंगं नाहीत, वरच्या ओठातून खाली आलेले दोन पांढरे सुळे. चाळीस पावलं. तीस. मी श्वास रोखला. वाऱ्याची एक झुळूक फिरली. त्याने मान वर केली, नाकातून 'फिस्स' असा आवाज काढला आणि एका उडीत दिसेनासा झाला.

दुसऱ्या पहाटेही तेच. तीस पावलं, फिस्स, उडी!

साडेआठने जाळं तपासलं, जमीन हुंगली, मग माझ्याभोवती एक फेरी मारली. माझ्या कोटाच्या बाहीला नाक लावून तो सरळ झाला.

"दुकानदार," तो म्हणाला, "तुमच्या अंगाला हिंग, कापूर आणि वेखंडाचा वास आहे. आणि वर लसूण! हरीण कसलं येतंय? मीच येणार नाही."

"मला तर काहीच येत नाही वास," मी म्हणालो.

"तीस वर्षं त्यातच बसलात. तुम्हाला कसा येईल?"

पुतणी पोट धरून हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच कोणी हसत होतं. मला मात्र रडायला आलं. एवढा डोंगर चढून आलो आणि दुकान पाठीवर घेऊनच आलो होतो!

मग बर्फाच्या ओढ्यावर माझी धुलाई झाली. साडेआठने चुलीतली राख आणून दिली. दात वाजत होते, कातडी बधिर झाली होती, आणि मी आपला पाठ घासतोय. कोट झोपडीतच राहिला. साडेआठचं बकऱ्याचा आणि धुराचा वास मारणारं लोकरी जाकीट मला मिळालं. चमच्यावरचा लसणाचा दोराही तो काढायला निघाला होता, पण तो मी सोडला नाही. मातीत चोळून चमच्यासकट आतल्या खिशात घातला.

पुतणी शेकोटीपाशी माझ्या तळहातांच्या पट्ट्या बदलत होती. मान वर न करता तिने विचारलं, "काका, आई म्हणते बरणीत पाच गाठी आहेत. कस्तुरी तर वर्षानुवर्षं टिकते. मग आपण इथे का आलोय?"

थकलेल्या माणसाला खोटं बोलायलाही बळ लागतं. माझ्यात ते उरलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. रक्त, काळीज, अर्क, अकरा वर्षं.

ती बराच वेळ पट्टी गुंडाळत राहिली. "बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"आणि ज्यांनी घेतलं ते? त्यांचं काय झालं?"

"काही गेले. काही बरे झाले." मी शेकोटीकडे बघत म्हणालो. "बरे झाले ते पेढे आणि हार घेऊन आले. एक म्हातारा तर पाया पडला माझ्या. काळीज खाऊन गेला होता तो, काळीज!"

तिने पट्टीची गाठ मारली. मारताना जरा जोरातच आवळली.

तिसऱ्या पहाटे बर्फ भुरभुरत होतं. आम्ही बसलो, कुणीच आलं नाही. उजाडल्यावर साडेआठला ताज्या बर्फात खुरांचे ठसे दिसले आणि तो मागावर निघाला. कडेकडेने अर्धा तास चाललो तेव्हा ते कुंपण लागलं. कुणीतरी फांद्या रचून गुडघ्याएवढं कुंपण घातलं होतं, दर वीस पावलांवर एक फट ठेवली होती, आणि प्रत्येक फटीत तारेचा फास होता. जनावर उडी मारायचा आळस करतं, फटीतून जातं आणि अडकतं.

पहिल्या फासात एक मेलेलं हरीण होतं. पुढे आणखी एक, छोटं.

"माद्या," साडेआठ म्हणाला. "यांच्यात कस्तुरी नसतेच. पण तारेला काय कळतं?" तो खाली वाकला आणि एकेक तार उपटायला लागला. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

तेवढ्यात आवाज आला. फिस्स!

कुंपणाच्या टोकाला कडा होता. नर तिथल्या फासात अडकून धडपडत खाली सरकला होता. मागचा उजवा पाय तारेत, आणि तो खाटेएवढ्या एका कपारीवर कसाबसा टेकलेला. खाली घळ. सुळे लांब होते. पुरा वाढलेला नर होता!

साडेआठने दोर आपल्या आणि आम्हा दोघांच्या कमरेला बांधला, पाय दगडाला रोवले आणि बसला. पुतणी हलकी, म्हणून तार कापायची पकड घेऊन ती आधी उतरली. तिच्यामागे मी. माझे गुडघे नको म्हणत होते, पण चमचा माझ्याकडे होता.

ती आपला रुमाल त्याच्या डोळ्यांवर टाकून त्याला अंगाने दाबून राहिली. मी त्याच्या पोटाखाली हात घातला. गाठ लागली. लिंबाएवढी, गरम, केसाळ. बोटांना काहीतरी मेणचट लागलं आणि वास आला. तीस वर्षं कापूर भरलेल्या माझ्या नाकात तो वास घुसला, गोड, उग्र आणि जिवंत! वडिलांच्या शेवटच्या आजारपणातली खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. मी खिशातून चमचा काढला.

"काका." पुतणीची दोन बोटं हरणाच्या छातीवर होती, पेशंटची नाडी बघतात तशी. "ठोके मोजता येत नाहीयेत. दोन दिवस तरी अडकलाय हा."

"आता चमचा लावलात तर मरेल!" वरून साडेआठ ओरडला. "ठरवा लवकर! बर्फ सुटतंय!"

"तुम्ही काढणार असाल तर मी धरते," पुतणी म्हणाली. "बाबांसाठी धरते. पण मग तो मेला तर तुम्ही काही म्हणायचं नाही. आणि मीही म्हणणार नाही."

माझ्या हातात चमचा होता आणि चमच्यापासून चार बोटांवर ती गुंजभर कस्तुरी होती. तिने दादा उठेल का? मला माहीत नव्हतं. ज्यांनी काळीज खाल्लं त्यांतले काही उठले होते, आणि वडिलांनी खरी कस्तुरी खाल्ली होती, तरी ते गेले होते. अकरा वर्षं औषध देऊन मला एवढंही माहीत नव्हतं! एक मात्र समोर दिसत होतं: तो तारेतला उजवा पाय, लुळा पडलेला. दादाचा हात उशीवर पडतो, अगदी तसा. दादासाठी जीव तुटत होता माझा. तरी तो पाय बघून मला चमचा पुढे नेता येईना.

"तार काप," मी म्हणालो.

"काका..."

"काप म्हणतो ना!"

पकड वाजली. तार तुटली. पुतणीने रुमाल ओढला. हरणाने लाथ झाडली, सरळ माझ्या छातीवर! मी मागे गेलो. कपारीवरचं बर्फ फुटलं. पायांखाली काही नाही! चमचा हातातून उडाला. आभाळ, दगड, आभाळ! कमरेला दोराचा हिसका बसला आणि मी घळीवर लोंबकळू लागलो, हरभऱ्याच्या पोत्यासारखा गोल फिरत.

"हलू नका!" साडेआठ ओरडला. त्या साडेआठ बोटांनी त्याने मला टीचभर टीचभर वर घेतलं. पुतणीने कॉलर धरली. वर पोचल्यावर मी बर्फात पालथा पडलो, आणि जीव भांड्यात पडला.

मान वळवली तेव्हा तो नर समोरच्या उतारावर होता. तीन पायांवर चढत होता, चौथा अधूनमधून टेकवून बघत होता. एकदा थांबला. मग झुडपांत गेला.

"रक्तदाबाची गोळी," पुतणी म्हणाली आणि माझ्या तोंडात कोंबली. मग माझ्या पाठीवर डोकं टेकून रडली.

उरलेला दिवस आम्ही तारा उपटण्यात घालवला. बेचाळीस निघाल्या. कोणी कोणाला करू म्हटलं नव्हतं. शेवटची तार वेटोळ्यात घालताना साडेआठ म्हणाला, "रिकाम्या हाताने खाली नेलेलं तुम्ही माझं पहिलं गिऱ्हाईक." आणि मला दिलेलं जाकीट परत न मागता पुढे चालू लागला.

हात अगदी रिकामा नव्हता. मूठ उघडली तर तळहाताच्या पट्टीला तो लसणाचा दोरा चिकटलेला होता, बोटांवरच्या मेणचटाने माखलेला. चमचा गेला, दोरा राहिला.

परतीची वाट धरली. वहिनीला काय सांगायचं, हे मी सारा वेळ मनात घोळवत होतो आणि दर वळणावर वाक्य बदलत होतो.

वहिनीनेच दार उघडलं. माझा अवतार बघून ती दोन पावलं मागे सरली. "आणलीत?"

"नाही."

मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "हातपाय धुऊन घ्या. आणि ऐका, त्यांना एक शब्द आलाय! रोज सकाळ-संध्याकाळ आरसा धरून बसत होते मी त्यांच्यापुढे. आ करा, ऊ करा, जीभ बाहेर काढा. सोमवारी आला."

"कोणता शब्द?"

वहिनी लाजली. "चारचौघांत सांगण्यासारखा नाही. 'च्यायला.'"

आयुष्यात कधी शिवी न दिलेला माझा दादा! मी खोलीत गेलो. तो तसाच होता, उजवा हात उशीवर, नजर कपाटाकडे. मी खाटेच्या कडेला बसलो.

त्याच्या नाकपुड्या हलल्या. नजर कपाटावरून निघून माझ्यावर आली. डाव्या हाताने त्याने माझा हात धरला, उलटा केला, पट्टीला चिकटलेला दोरा चिमटीत घेतला आणि नाकाशी नेला. तीन पिढ्यांचं दुकान ज्या नाकावर चाललं, ते नाक काम करत होतं. बराच वेळ तो हुंगत राहिला. ओठ वाकडे झाले, जीभ अडखळली.

"ख... खरी."

"दुसरा शब्द!" वहिनी ओरडली. "अगं, ऐकलंस का? दुसरा शब्द!"

दादाचा डावा हात हळूहळू वर गेला. कपाटाकडे. त्या बरणीकडे.

"खोटी."

"तिसरा!" वहिनी टाळ्या वाजवायला लागली. पुतणी दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मी दादाकडे.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "दादा, अकरा वर्षं?"

त्याने डोळे मिटले आणि उघडले. मग त्याचा तो पहिला शब्द तो पुन्हा म्हणाला, अगदी स्वच्छ, माझ्याकडे बघून. इतका लागू पडलेला शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मला हसू आलं, आणि हसता हसता मी त्याच्या लुळ्या हातावर डोकं ठेवून रडलो. तो आपला डावा हात माझ्या डोक्यावर थोपटत राहिला.

मग मी उठलो, किल्ली काढली आणि बरणी परसात नेऊन राखेच्या खड्ड्यात रिकामी केली. परत आलो तेव्हा संध्याकाळच्या व्यायामाची वेळ झाली होती. वहिनी आरसा घेऊन खाटेकडे निघाली होती. दहा दिवसांत तीही किती वाळली होती, ते मला तेव्हा दिसलं.

"वहिनी, तुम्ही बसा जरा," मी म्हणालो, आणि आरसा तिच्या हातातून घेऊन दादापुढे धरला.

"हं दादा. आ कर."